डझनाला बहात्तर

आमच्या गल्लीत अंड्यांची सात दुकानं आहेत. चार त्या बाजूला, तीन ह्या बाजूला, वर पत्र्याचं छप्पर आणि मधे पाच पावलांची वाट. सातही दुकानांत अंडी तीच. एकाच गाडीतून येतात, तीस-तीसच्या एकसारख्या ट्रेमधून. डोळे मिटून कुणाच्या हातात अंडं ठेवलं, तर ते माझं की शेजारणीचं हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. तरी प्रत्येकाला वाटतं की आपलं गिऱ्हाईक आपल्यासाठी येतं. मलाही वाटायचं. सत्तावीस वर्षं मी ह्या गल्लीत बसतेय, आणि हे वाटणं जायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्या समोरच्या दुकानात जे बसतात त्यांना सगळी गल्ली बत्तीवाला म्हणते. मी भाऊजी म्हणते, कारण त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. हे त्यांच्याबद्दल आहे.

भाऊजी मूळचे हमाल. अंड्यांच्या गाडीवर होते. दुकान ताईंच्या वडिलांचं. रोज पहाटे चारजण ट्रे उतरवायचे, त्यात तीन जणांच्या हातून काही ना काही फुटायचं आणि भाऊजींच्या हातून वर्षभरात नऊ अंडी फुटली. ताईंनी मोजली होती. नवऱ्यात अजून काय बघायचं असतं, असं त्या मला एकदा म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खूप हसलो, कारण माझ्या नवऱ्यात मी काय बघितलं होतं हे मला आजही आठवत नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं नासकं अंडं परत आणून भाऊजींच्या पुढ्यात ठेवलं. शिव्या दिल्या नाहीत, नुसतं ठेवलं आणि गेली ती बाई. ते त्यांना इतकं लागलं की त्यांनी पत्र्याचा एक डबा घेतला, आत बल्ब बसवला, वर अंड्याच्या बुडाएवढं भोक पाडलं आणि तेव्हापासून एकही अंडं त्या भोकावर धरून बघितल्याशिवाय दुकानातून बाहेर गेलं नाही. अंडं उजेडावर धरलं की आतलं सगळं दिसतं. बारीक तडा दिसतो, रक्ताचा ठिपका दिसतो, बुडाशी हवेची पोकळी असते ती दिसते. अंडं जितकं जुनं तितकी पोकळी मोठी. दिवसाला सहाशे अंडी, मनगटाला एक छोटा झटका, इकडे नाहीतर तिकडे. आम्ही थट्टा करायचो. अंड्यांचा डॉक्टर म्हणायचो, आज किती पेशंट दगावले असं विचारायचो. ते गंभीरपणे आकडा सांगायचे.

पंचवीस वर्षं बल्बकडे बघून त्यांचे डोळे एका अंतराला बांधले गेले. केसाएवढा तडा दिसायचा, पण पाच पावलांवरची माझी दराची पाटी दिसायची नाही. मी हात केला तर कुणीतरी हात करतंय एवढं कळायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. बाहेरचं बघायला ताई होत्या.

आता दराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक दुकानाच्या खांबाला एक काळी पाटी असते, वाटेकडे तोंड करून, खांद्याएवढ्या उंचीवर. तिच्यावर खडूनं त्या दिवसाचा डझनाचा दर. बऱ्याच वर्षांपूर्वी बाजार कचेरीतून एक साहेब आले आणि सांगून गेले की दुकानदारांनी आपसात बोलून दर ठरवला तर दंड होईल, गाळा जाईल. तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. दर एकमेकांना विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. बघायचा. सकाळी गाडी गेली की ताई हात मागे बांधून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायच्या, जणू पाय मोकळे करतायत. सहा पाट्यांवरून नजर फिरवायच्या आणि परत येऊन आपल्या पाटीवर तोच आकडा लिहायच्या. आम्हीही तेच करायचो. बोलायचं कुणीच नाही आणि सातही पाट्यांवर आकडा एक. साहेबांचं काय गेलं ते साहेबच जाणोत.

सोळा वर्षांपूर्वी एकदा हे बिघडलं. भाऊजी ताईंना म्हणाले होते, "आपल्याकडचं एक अंडं खराब निघत नाही. एवढ्या मेहनतीचा डझनामागे एक रुपया तरी जास्त मिळायला पाहिजे." चूक काहीच नव्हतं त्यात. ताईंनी दुसऱ्या दिवशी फेरी मारली, सगळीकडे चाळीस होतं, आणि त्यांनी एक्केचाळीस लिहिलं.

दुपारपर्यंत त्यांच्याकडे एक माणूस गेला नाही. बेकरीवाला रोज त्यांच्याकडून बारा डझन न्यायचा. त्यानं पाटी वाचली आणि गाडा सरळ माझ्याकडे वळवला. चष्मेवाल्या बाई आहेत, शाळेत शिकवायच्या, दर दोन दिवसांनी अर्धा डझन. त्या पाटीपाशी थांबल्या, आत बत्तीजवळ बसलेल्या भाऊजींकडे बघितलं, परत पाटीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "अर्धा डझन दे गं." अर्ध्या डझनाला अर्धा रुपया जास्त पडत होता त्यांना तिकडे. मी दिली.

"आज माणसं कुठंयत सगळी?" भाऊजींनी आतून विचारलं.

"सलूनवाल्याच्या मुलीचं लग्न आहे," ताई म्हणाल्या. "तिकडे गेलेत सगळे."

"आपल्याला नाही बोलावलं?"

"आपला धंदा आहे. तो म्हणाला, तुम्हाला कुठं जमायचं."

असं म्हणत त्यांनी तळहातानं एक्केचाळीस पुसलं आणि चाळीस लिहिलं. अर्ध्या तासात दुकानापुढे चार माणसं उभी. "लग्न लवकर आटोपलं," भाऊजी म्हणाले आणि पुढचं अंडं उचललं.

त्या संध्याकाळी नळावर ताईंनी मला सगळं सांगितलं. "एकच जास्त लिहिला गं. एक! तर लोकांना चेहरा ओळखू येईना."

"भाऊजींना सांगितलंत?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. त्यांना वाटतं लोक त्या बत्तीसाठी येतात. वाटू दे की. आपलं काय जातंय?"

मी शब्द दिला. पुढे सोळा वर्षं तो पाळायची वेळच आली नाही, कारण ताई रोज फेरी मारायच्या आणि आकडा कधी चुकला नाही.

ताई गेल्या त्या दिवशीही त्यांनी फेरी मारली होती. बहात्तर लिहिलं. त्यांचा सात अंगानं जाड आणि दोनाचं शेपूट इतकं लांब की साताच्या खालून रेघ ओढल्यासारखं जायचं. लिहून झाल्यावर हात झटकले आणि "जरा बसते" म्हणून रिकाम्या खोक्यावर बसल्या. भाऊजींना दोनशे अंडी बघून होईपर्यंत कळलं नाही. मला समोरून दिसत होत्या, पण मला वाटलं डुलकी लागली. मी एका बाईला दोन डझन बांधून दिली, सुटे परत केले, आणि मग गेले. पुढचं काय सांगू? दवाखान्यात नेलं, तिथे काही करण्यासारखं नव्हतं. मला रडू आलं नाही. घरी आल्यावर मी भांडी घासली, ती आधीच घासलेली होती.

बारा दिवसांनी भाऊजींनी दुकान उघडलं. पाटी त्यांनी आतून दोन्ही हातांनी धरून आणली, कडांना धरून, आकड्याला बोट लागू न देता. खांबाला टांगली. मग बत्ती लावून बसले.

पाटीवर बहात्तर. बाकी सहा पाट्यांवर त्या दिवशी अडुसष्ट.

दर रोज बदलतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवसांत त्यांच्या मनात काही येतच नव्हतं. ते उठत, येत, बसत, अंडी बघत. विचारलं तर उत्तर देत. जेवलात का विचारलं तर आठवून सांगत, आणि कधीकधी आठवत नसे.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ते म्हणाले, "लोकांना माझ्यासमोर यायला जड जात असेल. काय बोलावं कळत नाही ना. मान खाली घालून जातात बघ सगळे."

मान खाली घालून जात होते हे खरंच होतं. अंधुक का होईना, तेवढं त्यांना दिसत होतं.

"भाऊजी, ती पाटी..." मी म्हटलं.

"तिचं शेवटचं अक्षर आहे," ते म्हणाले. "पुसायची नाही."

मी गप्प बसले. का बसले, तर एक म्हणजे गल्लीची रीत. दर सांगायचा नाही. दुसरं म्हणजे ताईंना दिलेला शब्द, कारण दराचं सांगायचं तर मागचं सगळं निघणार. आणि तिसरं सांगायची लाज वाटते. बेकरीवाल्याचे बारा डझन रोज माझ्याकडे येत होते. इतरही येत होते. त्या महिन्यात माझ्या दुकानात जेवढी विक्री झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. मी पैसे घेत होते आणि समोर बघत नव्हते. वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी खडूनं पांढरी झालेली बोटं धुवायची, घरी जायचं.

घरी मी हे आमच्या ह्यांना सांगितलं.

"तुला काय करायचंय? त्याचं तो बघेल," हे म्हणाले.

"त्यांना दिसत नाही."

"मग चष्मा करावा."

आमचे हे असे. प्रश्न सुटल्यावर लगेच झोपतात.

चष्मेवाल्या बाईंवर मात्र मी एक दिवस घसरलेच. त्या रोज भाऊजींच्या दुकानासमोरून मान खाली घालून माझ्याकडे येत. "बाई, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही. अशा वेळी तरी समोर जावं की नाही?"

"चार जास्त आहेत गं तिथे."

"माणूस गेलंय त्यांचं."

"म्हणून तर मान खाली घालते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला. "मी घरी जाऊन आले त्यांच्या. तासभर बसले. रडले. अजून काय करू? पेन्शन तेवढीच आहे. दर उतरला तर मी डझन नेते, चढला तर चार नेते, आणि फार चढला तर नेतच नाही. माझ्या घरात तेवढंच चालतं. त्यांच्याबद्दल मनात काही नाही माझ्या."

ह्यात मला खोट काढता येईना. मी सहा अंडी मोजून दिली. ह्यावेळी त्या माझ्याकडे बघूनसुद्धा हसल्या नाहीत.

माल पडून राहायला लागला. पहिले चार दिवस भाऊजींनी सवयीनं रोजचे वीस ट्रे उतरवून घेतले. पाचव्या दिवशी ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा गाडीवाल्याला म्हणाले, "आहेत अजून." तेव्हापासून रोज तेच. पडून असलेली सगळी अंडी ते रोज पहिल्यापासून बघत. त्यांना आतली पोकळी वाढताना दिसत होती. "मोठी होतेय," मला एकदा म्हणाले, आणि मला आधी कळलंच नाही की कशाबद्दल बोलतायत. जे पटत नव्हतं ते बाजूला काढून टाकत. रोज थोडी टाकत.

मग एका सकाळी गाडीवाला ट्रे उतरवता उतरवता मला म्हणाला, "समोरच्यांना कुणी समजावून सांगा हो. सतरा दिवस झाले, माल उचलला नाही. एकवीस झाले की कचेरीत कळवावं लागतं मला. नियमच आहे. गाळा दुसऱ्याला जातो. यादी तयार आहे, पहिला माणूस रोज येऊन बघून जातो."

तो माणूस मलाही दिसला होता. बिचारा सभ्य होता. लांब उभा राहून दुकानाची रुंदी डोळ्यांनी मोजायचा.

तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी झालं. राग म्हणा. ताईंच्या वडिलांचा गाळा, आणि तो एका आकड्यापायी जाणार. मी ठरवलं, सांगून टाकायचं. ओला फडका घेऊनच गेले. भाऊजी बत्तीवर अंडं धरून बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, चार दिवसांत माल उचलला नाहीत तर गाळा जाईल."

"अंडी खपली की उचलतो," ते म्हणाले. "खपतील. लोक येतील. आपलीच माणसं आहेत. पंचवीस वर्षं खराब अंडं दिलं नाही मी कुणाला. त्यांना ठाऊक आहे ते."

एवढं बोलून त्यांनी हातातलं अंडं मला दाखवलं. "हे बघ. किती स्वच्छ आहे." मी बघितलं. स्वच्छ होतं. फडका मुठीत धरून मी परत आले.

दुसऱ्या दिवशी दर वर सरकला. सत्तर. लांब कुठेतरी कोंबड्यांत रोग आला होता म्हणे, गाड्या कमी येत होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरी मारली आणि पाटीवर लिहिताना हात थांबला. बहात्तर.

त्या दिवशी सातही पाट्यांवर आकडा एक होता, त्यातल्या सहांवर आजचा आणि एकीवर ताईंचा. आणि गिऱ्हाईक आलं. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. मला वाटलं, आज कळेल. आज कुणालाच जास्त द्यायचं नाही, कमी द्यायचं नाही, तर बघू या बत्तीसाठी कोण येतं ते. मनात कुठेतरी होतं की गल्ली आज त्यांच्याच दुकानापुढे जमा होईल. तसं काही झालं नाही. त्या टोकाकडून येणारे काही त्यांच्याकडे थांबले, काही माझ्याकडे, काही शेजारी. दिवस संपल्यावर भाऊजींचे वीस ट्रे गेले होते. नेहमी जायचे तेवढेच, सातातला एक वाटा. कमी नाही, जास्त नाही.

"सुरू झालं बघ यायला," भाऊजी मला म्हणाले. "लोकांचं मन जरा हलकं झालं असेल." पण माल अजून पडून होता. पहाटे गाडीवाल्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे विसाव्या दिवशी, दर एकदम ऐंशीवर गेला.

मी माझ्या पाटीवर ऐंशी लिहिलं आणि समोर बघितलं. भाऊजी पाटी टांगत होते. दोन्ही हातांनी, कडांना धरून. बहात्तर. मी जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी ऐंशी लिहिलं असतं, आणि सातातला एक वाटाच खपला असता, आणि उद्या संध्याकाळी गाळा गेला असता. नाही सांगितलं तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. वीस दिवसांत पहिल्यांदाच माझं गप्प बसणं त्यांच्या फायद्याचं होतं. मी गप्प बसले.

पहिला बेकरीवाला आला. त्यानं माझी पाटी वाचली, मान वळवली, आणि गाडा तिकडे वळवला. दहा मिनिटांत बातमी बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली. मी सत्तावीस वर्षांत आमच्या गल्लीत अशी गर्दी बघितली नाही. आमच्या सहा दुकानांपुढे शुकशुकाट आणि भाऊजींपुढे पाय ठेवायला जागा नाही. पिशव्या वर धरलेले हात, कोपरं, "मी आधी आलोय", "ओ, ढकलू नका". चष्मेवाल्या बाई गर्दीत चष्मा हातात धरून उभ्या होत्या. जी माणसं वीस दिवस मान खाली घालून गेली ती सगळी तिथे होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या.

भाऊजी मधोमध बसून एकेक अंडं बत्तीवर धरत होते.

"ओ, ती बत्ती राहू द्या हो! द्या तशीच!" बेकरीवाला ओरडला.

"हो, हो, तशीच द्या, आम्ही काही म्हणत नाही!" मागून चार-पाच जण.

"नाही," भाऊजी म्हणाले. "बघूनच देणार." आणि बघूनच दिली. घाईत त्यांच्या मनगटाचा झटका एकदाही चुकला नाही. मी इकडून बघत होते आणि तेव्हा मात्र माझा जीव गलबलला. ह्याच्याआधी ताईंसाठी रडले नव्हते, ते तेव्हा रडले, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसून. माझी विक्री बुडाली म्हणून रडते असं शेजारणीला वाटलं. "उद्या होईल गं," ती म्हणाली.

बाराच्या आत सगळं संपलं. लोक पांगले. बेकरीवाला गाडा ढकलत निघाला, त्याच्या निळ्या कोटाचा खांदा पांढरा झाला होता. चष्मेवाल्या बाईंच्या बाहीलाही पांढरं लागलं होतं, दुसऱ्या एकाच्या पाठीला. खडू होता तो. पाटी खांबाला, खांद्याच्या उंचीला, आणि दोन तास माणसं तिला घासत उभी. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. करणार तरी काय होते मी?

भाऊजी पाच पावलं चालून माझ्याकडे आले. कितीतरी वर्षांत आले नव्हते.

"सगळे आले," ते म्हणाले.

"हो, भाऊजी."

"तिच्यासाठी आले. मी म्हणत होतो ना?"

ते परत गेले, पाटी काढायला हात वर केले, तोंड जवळ नेलं आणि तसेच उभे राहिले. पाटीवर नुसता राखी फराटा होता. कोपऱ्यात दोनाच्या शेपटाचं टोक तेवढं उरलं होतं, नखाएवढं. ते इतका वेळ उभे राहिले की मीच उठून गेले.

"आज दर काय आहे?" त्यांनी विचारलं.

आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"ऐंशी," मी म्हटलं.

"आणि मी?"

"बहात्तर."

"आणि इतके दिवस?"

"खाली होता. अडुसष्ट, सहासष्ट. परवा सत्तर."

ते खोक्यावर बसले. ताई बसल्या होत्या त्याच. बत्ती लागलेलीच होती, अंडं एकही उरलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मी माझा खडू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, ऐंशी. आठाला दोनदा गिरवलं. शेपटाचं टोक होतं तिथे बोट लागू दिलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी," ते हळूच म्हणाले, "एक्केचाळीस लिहायला लावलं होतं मी, त्या दिवशी सलूनवाल्याच्या मुलीचं लग्न नव्हतं."

"नव्हतं."

"मी त्याला पुढे कितीदा तरी विचारलं, मुलगी कशी आहे म्हणून. दाढीला गेलो की विचारतो. बरी आहे म्हणतो. मधे म्हणाला, मुलगा झाला तिला."

सलूनवाल्याला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत त्याला, दोघेही माझ्याकडून अंडी नेतात. ताईंनी त्यालाही सांगून ठेवलं होतं.